एसीचा पाइप फुटला : गॅस भरण्याआधी थोडे थांबा



होळी झाली की बडोद्यात ऊन चटके द्यायला लागते आणि मंडळाच्या बाकावर एक ठरलेले संभाषण ऐकू येते. गाडीचा एसी थंड करत नाही. मग कोणीतरी सांगते, "गॅस संपला असेल, भरून घ्या." मागच्या उन्हाळ्यात भरला होता, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही भरला होता, आणि आता पुन्हा भरायचा. गॅरेजवाला तर हसतमुखाने विचारतोच, "साहेब, गॅस भरी आपुं?"

मुळात गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद वर्तुळात फिरत असतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो हे खरे, पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे असेच समजावे. आम्ही उभा जन्म बँकेत काढला. थकलेले कर्ज फेडायला नवे कर्ज द्यायचे आणि खाते चांगले दाखवायचे, हा प्रकार आम्हांला चांगला ठाऊक आहे. गळती न शोधता गॅस भरणे हे त्याच जातीचे काम.

यंदा एप्रिलमध्ये या विषयाचा जरा खोलात जाऊन अभ्यास करावा लागला. मंडळातल्या एका सभासदांच्या मुलाने हौसेने एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली आहे. इंजिन सीटच्या मागे, गाडी जमिनीला टेकलेली. एका गतिरोधकानंतर एसी अचानक बंद पडला. पहिल्या गॅरेजने गॅस भरला, तो दोन दिवसांत गेला. दुसऱ्याने सांगितले की पाइप फुटला आहे, परदेशातून मागवावा लागेल, खर्च लाखाच्या घरात आणि दीड-दोन महिने थांबा. तिसऱ्याने सुचवले की एक स्वस्त गॅस आहे, तो भरू, चालवून बघा. मुलगा गोंधळून आमच्याकडे आला. आमच्यातले एक जण रिफायनरीत मेंटेनन्स खात्यात होते, त्यांना पाइप आणि प्रेशर यांची भाषा समजते. बाकीच्यांना निदान बिल वाचता येते. असे आम्ही चौघे त्याच्याबरोबर फिरलो आणि जे कळले ते इथे मांडतो आहोत. स्पोर्ट्स कार आपल्यातल्या फारच थोड्यांकडे असेल, पण साध्या हॅचबॅकचा एसीही याच तत्त्वावर चालतो.

माठातले पाणी गार का होते हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. एसीत हेच घडते, फक्त पाण्याऐवजी असा द्रव वापरतात की जो फार कमी तापमानाला उकळतो. सध्याच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते तिथे तो साधारण ३० पीएसआय दाबाखाली असतो आणि त्या दाबाला एक-दोन अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे कॉइल बर्फासारखी गार होते आणि तिच्यावरून येणारी हवा आपल्याला मिळते.

आता ही वाफ पुन्हा द्रव करायची तर तिच्यातली उष्णता कुठेतरी टाकायला हवी. बाहेर ४३ अंश असताना उष्णता बाहेर जाईल कशी? इथे कॉम्प्रेसरचे काम येते. तो वाफ दाबून २०० पीएसआयच्या आसपास नेतो. एवढ्या दाबाला हा गॅस ५५ अंशांच्या सुमारास द्रव होतो. म्हणजे बाहेर ४३ आणि पाइपात ५५, त्यामुळे उष्णता मुकाट्याने बाहेर जाते. हे काम गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये होते. मग तो द्रव ड्रायरमधून गाळून, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये जातो.

या फेरीत तीन तऱ्हेचे पाइप लागतात. कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरपर्यंतचा गरम पाइप, याला हात लावला तर भाजते. कंडेन्सरपासून डॅशबोर्डपर्यंतचा बारीक, कोमट पाइप, यात द्रव असतो. आणि परतीचा जाड, थंडगार पाइप, ज्यावर पाण्याचे थेंब जमतात. पहिल्या दोघांत दाब जास्त, तिसऱ्यात कमी. कोणता पाइप फुटला यावर दुरुस्तीची पद्धत ठरते, म्हणून एवढे लक्षात ठेवावे.

साध्या गाडीत इंजिन पुढे, कंडेन्सर पुढे आणि डॅशबोर्डही जवळच. सगळा मामला हात-दोन हातांत आटोपतो. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन मागे किंवा मध्ये असेल तर कॉम्प्रेसर मागे राहतो आणि गॅसला पुढच्या टोकापर्यंत जाऊन परत यावे लागते. जुन्या पोर्शे ९११ मध्ये तर एक कंडेन्सर मागच्या इंजिनाच्या झाकणाखाली आणि दुसरा पुढच्या बंपरपाशी असे, आणि त्यांना जोडणारे लांबलचक होज गाडीच्या पोटाखालून जात. लांबी वाढली की सांधे वाढतात, घासण्याच्या जागा वाढतात. त्यात गाडी जमिनीपासून चार-पाच इंचांवर, सस्पेन्शन कडक, शेजारून सायलेन्सरचा तापलेला पाइप गेलेला. रस्त्यावरचा खडा किंवा उंच गतिरोधक याला निमित्त पुरते. (गंमत अशी की १९४० सालच्या पॅकार्ड गाडीत कंपनीने पहिल्यांदा एसी दिला तेव्हा कूलिंग कॉइल मागे डिकीच्या बाजूला होती आणि पाइप असेच लांबून न्यावे लागत. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे!)

आमच्या गाडीत काय झाले होते? तळाखालून जाणारा बारीक द्रवाचा पाइप ॲल्युमिनियमचा. तो जागोजागी क्लिपांनी धरलेला असतो. त्यातली एक क्लिप कधीतरी कोणीतरी काढली आणि परत लावलीच नाही. पाइप शेजारच्या पत्र्याला घासत राहिला. ॲल्युमिनियम मऊ, पाइपाची भिंत जेमतेम एक मिलिमीटरची. गतिरोधकाचा फटका हे शेवटचे निमित्त झाले.

गळती शोधण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे तेल. कॉम्प्रेसरचे वंगण गॅसबरोबरच सगळीकडे फिरते. जिथून गॅस निसटतो तिथून तेलही निसटते आणि त्यावर धूळ बसते. कोरड्या गाडीखाली एकाच ठिकाणी काळपट, चिकट डाग दिसला की अर्धे काम झाले. याशिवाय साबणाचा फेस लावून बुडबुडे बघतात, रंगद्रव्य घालून जांभळ्या प्रकाशात पाहतात, किंवा वास घेणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र फिरवतात. यंत्र वापरताना ते पाइपाच्या खालच्या बाजूने फिरवावे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली उतरतो. गळती बारीक असेल आणि ती डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलमध्ये असेल तर मात्र शोधणे कठीण. तिथे घाई करणाऱ्या मेकॅनिकला आवर घालावा.

आता दुरुस्ती. इथे चार-पाच मार्ग सुचवले जातात आणि ते सारखे नाहीत.

पहिला म्हणजे एपॉक्सी लावणे. याला दुरुस्ती म्हणू नये. बाहेरून लावलेला लेप आतल्या २०० पीएसआयपुढे, थरथरणाऱ्या तेलकट पाइपावर टिकत नाही. परतीच्या कमी दाबाच्या पाइपावर काही दिवस निघतील, पण गाडी उन्हात उभी राहिली की त्या बाजूलाही दाब चढतो. एसी बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि ३५ अंशांना तो सुमारे ११५ पीएसआय असतो, हे फार जणांना माहीत नसते.

दुसरा, वेल्डिंग किंवा ब्रेझिंग. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग लोखंडासारखे नव्हे. लोखंड तापले की लाल होते, कारागिराला अंदाज येतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याआधी रंग फारसा बदलत नाही, एका क्षणी पाइप असतो आणि दुसऱ्या क्षणी भोक. हे आर्गॉनवर काम करणाऱ्या मुरलेल्या माणसाकडेच करावे. आणि एक गोष्ट अगदी ठळकपणे सांगतो : पाइप गाडीवरून उतरवून, पूर्ण रिकामा करून आणि धुऊनच ज्योतीजवळ न्यावा. हा गॅस ज्वालेत गेला तर त्याचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. "थोडासा गॅस आहे आत, काय होणार" असे म्हणणाऱ्याच्या दुकानात थांबू नये.

तिसरा मार्ग, खराब तुकडा कापून दोन टोके दाबून बसणाऱ्या जोडाने जोडणे. ज्योत लागत नाही आणि काम लवकर होते. पण पाइप सरळ, गोल आणि निरोगी असायला हवा. आमचा पाइप दीड वीतभर घासला गेला होता आणि कडेला पांढरी पावडर धरली होती, म्हणजे धातू आतून खाल्ला गेला होता. तिथे जोड धरणार नाही असे रिफायनरीवाल्या काकांनी बघताक्षणी सांगितले.

शेवटी जो मार्ग निवडला तो असा. पाइप उतरवला. दोन्ही टोकांचे मूळ जोड चांगले होते, ते ठेवले. मधला सगळा खराब भाग कापून टाकला. टोकांना वेल्डिंगने कंगोरेदार नळ्या बसवल्या, आणि मध्ये एसीचा खास होज घालून हायड्रॉलिक मशीनवर कडी दाबून घेतली. ट्रकचे आणि जेसीबीचे होज बनवणाऱ्या दुकानांत हे मशीन असते, पण होज मात्र एसीचाच हवा. त्याच्या आत नायलॉनचा पातळ थर असतो. आर-१३४एचे रेणू जुन्या आर-१२ पेक्षा लहान असतात, साध्या रबरातून ते हळूहळू पार होतात. तेलाचा होज वरून तसाच दिसतो, म्हणून होजवर काय छापले आहे ते वाचून घ्यावे. सायलेन्सरजवळून जातो तिथे उष्णतेपासून वाचवणारे आवरण घातले, आणि हरवलेल्या क्लिपेच्या जागी रबर लावलेली नवी क्लिप आली. नवीन मूळ पाइपाच्या किमतीचा हा दहावा हिस्साही खर्च नव्हता. कंपनीचा पाइप सहज मिळत असेल तर अर्थात तोच घालावा. ही वाट तो मिळत नाही किंवा परवडत नाही तेव्हाची आहे.

आणि तो स्वस्त गॅस? चौकशी केली तेव्हा कळले की तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला, ज्वलनशील. थंडावा देतो, यात शंका नाही. पण कूलिंग कॉइल आपल्या पायांपुढेच असते, ती फुटली तर तो गॅस बंद केबिनमध्ये भरतो. शिवाय पुढच्या गॅरेजवाल्याला आत काय आहे ते कळत नाही. मुलाने नको सांगितले, आणि आम्हांला बरे वाटले.

पाइप बसला म्हणजे काम झाले असे नाही. बसवताना दर जोडाला नवी ओ-रिंग हवी, तीही या गॅसला चालणाऱ्या रबराची आणि एसीच्या तेलात बुडवून. नट आवळताना दोन पाने वापरावेत, एकाने धरायचे आणि दुसऱ्याने फिरवायचे. एकाच पान्याने जोर लावला तर मऊ पाइप पिळवटतो आणि नवीन गळती तयार होते. वर्तुळ बरेच दिवस उघडे राहिले असेल तर ड्रायर बदलावा. त्यात दमट हवा शोषणारे दाणे असतात, ते एकदा भरले की उपयोगाचे राहत नाहीत.

मग तपासणी. बहुतेक जण व्हॅक्यूम पंप लावतात आणि काटा स्थिर राहिला की "लीक नथी" म्हणतात. पण व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत येणारा दाब जास्तीत जास्त एका वातावरणाचा, म्हणजे पंधरा पीएसआयच्या आतबाहेर. चालू एसीत दाब आतून बाहेर असतो आणि दहा-पंधरा पटींनी जास्त. व्हॅक्यूममध्ये एखादी ढिली ओ-रिंग उलट आत ओढली जाऊन घट्टही बसते. म्हणून आधी कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत, रेग्युलेटर लावून भरावा, साबण लावावा आणि तासभर काट्याकडे बघावे. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही नको. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांची गाठ म्हणजे स्फोट. आमच्या वेळी मिस्त्रीने आधी व्हॅक्यूमवरच निभावू म्हटले. आम्ही चहा मागवला आणि तिथेच बसलो. मग नायट्रोजनचा सिलिंडर आला.

व्हॅक्यूमचे खरे काम वेगळे आहे : आतले पाणी काढणे. डोंगरावर डाळ शिजत नाही, कारण हवेचा दाब कमी आणि पाणी कमी तापमानाला उकळते. तेच इथे टोकाला न्यायचे. पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत दाब उतरवला तर २५ अंशांनाच पाणी उकळते आणि पंप ती वाफ ओढून घेतो. यासाठी पाच मिनिटे पुरत नाहीत, निदान अर्धा-पाऊण तास हवा. पाणी राहिले तर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकापाशी गोठते. असा एसी पंधरा मिनिटे छान चालतो, मग गरम हवा येते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. पाण्यामुळे आत आम्लही तयार होते, ते कॉम्प्रेसर खाते.

तेलाचा हिशेबही विसरू नये. पाइप फुटला तेव्हा गॅसबरोबर तेल गेले, आणि जुन्या पाइपात व ड्रायरमध्ये काही राहिले. तेवढेच मोजून, गाडीला लागणाऱ्या जातीचे तेल घालावे. कमी झाले तर कॉम्प्रेसर जाम होतो, जास्त झाले तर थंडावा घटतो. गॅस नसताना कॉम्प्रेसर चालू नये म्हणून कंपनीने दाबाचा स्विच दिलेला असतो. काही ठिकाणी तो तार लावून जोडतात, "चालू करून बघू" म्हणून. ही तार दिसली तर ती काढायला लावावी; एका तारेपायी कॉम्प्रेसर गमावण्यात अर्थ नाही.

आणि आता गॅस किती भरायचा. गेजचा काटा बघून भरणे ही सर्वत्र चालणारी पद्धत आहे, पण ती अपुरी आहे. घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर आठवा. १४.२ किलो असो की दोन किलो उरलेला असो, आतला दाब तोच, शेगडी तशीच पेटते. किती उरला हे वजन केल्याशिवाय कळत नाही. गाडीतही आत थोडासा द्रव असेपर्यंत बंद एसीचा दाब तापमानावरच ठरतो. म्हणून बॉनेटखालच्या स्टिकरवर जे ग्रॅम लिहिलेले असतात तेवढे वजनकाट्यावर मोजून भरावेत. आमच्या गाडीला साडेआठशे ग्रॅम लागले. साध्या गाडीला बहुधा याहून बरेच कमी लागतात.

हा साडेआठशे ग्रॅम गॅस तीनदा हवेत गेला असता तर फक्त मुलाचे पैसेच गेले नसते. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण एक किलो गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे एकदा टाकी रिकामी झाली तर सव्वापाचशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखे. २०१६ च्या किगाली करारानुसार असे गॅस जगभर कमी करायचे आहेत, भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली आणि आपल्याकडे कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. वापरलेला गॅस हवेत सोडण्याऐवजी यंत्राने काढून घेणारी गॅरेजे शहरात आहेत, तीच निवडावीत.

गाडी परत मिळाली तेव्हा बाहेर ४१ अंश होते आणि मधल्या झरोक्यात घातलेला थर्मामीटर ८ दाखवत होता. बिल करून घेताना आम्ही त्यावर चार गोष्टी लिहून घेतल्या : कोणता गॅस आणि किती ग्रॅम, कोणत्या जातीचे तेल आणि किती, नायट्रोजनवर किती दाब किती वेळ टिकला, आणि होजवर छापलेला नमुना. "एसी रिपेअरिंग, लमसम" असे बिल घेऊ नये. त्याच कागदावर झरोक्यातले तापमान आणि बाहेरचे तापमान तारखेसह टाकावे. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, तेवढ्याच उन्हात पुन्हा मोजले की गॅस भरायचा की नाही हे मेकॅनिकला विचारायची गरज पडत नाही. थंडीत आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवत जावे, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळते आणि ते सुकत नाही.